टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या ठकूमावशी

ठकूमावशी, परवा इंद्रायणीच्या काठावर तुमच्या नामदेवनं तुम्हाला अग्नी दिला तेव्हा मी कुसगावकरांच्या मागं, जरा लांबच उभा होतो. पुढच्या एका म्हाताऱ्यानं मान वळवून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्याला विचारलं, "ह्यो ढोरांचा डाक्तर कशापायी आलाय हितं?" शेजारचा म्हणाला, "कोन जानं." मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. तुमच्या गावात माझ्याकडं तुमच्या नजरेनं बघणारं अजून कुणीतरी उरलंय.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलं तेवढंच बोलावं अशी आपल्याकडं रीत आहे. ती मला पाळता येईल असं वाटत नाही. हयातभर तुम्ही माझ्याबद्दल सरळ चांगलं बोलला नाहीत, आणि आता मी एकट्यानंच गोड बोलायला लागलो तर तुम्हाला पहिला संशय येईल तो हाच, की मेल्यावरसुद्धा ह्याला माझ्याकडून काय काढायचंय.

मी लोणावळ्यात दवाखाना थाटला तो बाजाराच्या टोकाला, पत्र्याच्या दोन खोल्यांत. टांग्यांची घोडी, गाडीवानांचे बैल हे माझं रोजचं काम. त्यात मुंबईच्या शेटलोकांचे, पारशांचे, साहेबांचे बंगले. त्यांची कुत्री नि मांजरं. बंगल्यावरच्या बायका मांजरीला दर वर्षी पिलं नकोत म्हणून गर्भाची पिशवी काढून घ्यायला माझ्याकडं पाठवायच्या. मुंबईला ढोरांच्या कॉलेजात हे काम शिकलो होतो. ह्या बाजूला ते करणारं दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही कुसगावाहून दूध घालायला यायचात. बंगल्यांना घालून झालं की शेवटचं माप माझ्याकडं.

त्या सकाळी तुम्ही मागच्या बाजूनं आलात आणि खिडकीतून आत डोकावलात. टेबलावर एक राखी मांजर उताणी, चारी पाय फितीनं बांधलेले, नाकावर क्लोरोफॉर्मची टोपी, जीभ मी चिमट्यानं बाहेर ओढून धरलेली, आणि पोट उघडं. तुमच्या हातातली चरवी खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. मग तुमचा आवाज सगळ्या बाजारानं ऐकला.

"मारली! मांजर मारली ह्यानं! आता सोन्याचं मांजर घिऊन काशीला जावं लागंल मुडद्याला!"

माणसं गोळा झाली. दार वाजवायला लागली. पोट उघडं टाकून मला हलता येईना. तुमच्या शिव्या ऐकत ऐकतच मी टाके घातले. दुपारी मांजर शुद्धीवर आली, दोनदा ओकली, झोकांड्या खात उठली आणि पाणी प्यायली. मी तिला टोपलीत घालून पायरीवर आणली. तुम्ही अजून तिथंच बसला होतात.

"ही बघा मावशी. जिवंत आहे."

तुम्ही वाकून बघितलंत. शेपटी बघितलीत, कान बघितलेत.

"ही ती न्हाई."

"म्हणजे?"

"ती मेली. ही दुसरी आनली तुमी."

"अहो, हिच्या पोटावर टाके आहेत!"

"घातलं आसतील हिला बी."

बाजारातल्या अर्ध्या लोकांना तुमचं पटलं. बंगल्यावर सुद्धा निरोप गेला की डाक्तरनं मांजर बदलली आहे. तिथल्या बाईंनी मांजर मांडीवर घेतली, ओळखली, तेव्हा कुठं ते मिटलं. तुमच्यापुरतं मात्र ते मिटलं नाही. पुढं कित्येक वर्षांनी तो विषय निघाला तरी तुम्ही म्हणायचात, "ती राखी व्हती. टोपलीतली निळसर व्हती."

दूध मात्र तुम्ही बंद केलं नाहीत. मला वाटतं, माझ्यावर नजर ठेवायला तेवढं एक निमित्त तुम्हाला हवं होतं. मीही काही साधा नव्हतो. मी दुधात काचेची नळी बुडवून पाणी किती ते बघायचो, आणि तुम्ही ती नळी बघून म्हणायचात, "ह्या नळीत पानी कुनी भरलंय आदीच?" आपण दोघं रोज सकाळी एकमेकांना असे तपासत होतो.

मग ते दुसरं बोलणं सुरू झालं. आज मांजरीची पिशवी काढतोय, उद्या बायांची काढंल. ते तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात असा माझा संशय होता, आजही आहे. माझ्या दवाखान्यावरून जाताना बायका पदर ओढून रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या. माझ्या बायकोनं नळावर जायचं सोडलं. ती गेली की बाकीच्या गप्प व्हायच्या. एक दिवस तिनं मला विचारलं, "तुम्ही घोडी-बैलच बघा ना. ही मांजरं कशाला?" मी तिला सांगितलं की बंगल्यांचे माळी पिलं पोत्यात बांधून धरणाच्या पाण्यात सोडतात, मी ते पोतं एकदा हलताना बघितलंय. तेच मी तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "ते पाप त्यांचं. तुमचं तुमी बगा."

एकदा तुम्ही पायरीवर बसून सरळच विचारलंत, "काडलेलं कुटं जातं?"

"पुरतो."

"कुटं?"

"मागं, पपईखाली."

"दावा."

मी कुदळ घेतली. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. मी खड्डा काढला, फडक्यातलं आत ठेवलं, माती लोटली, तुम्ही पायानं दाबून बघितलंत. गावात बोललं जात होतं की मी ते मुंबईला औषधवाल्यांना पाठवतो. त्यानंतर ते बोलणं थांबलं. पण तुमचं बघणं थांबलं नाही. "मागल्या येळंला दावलं. ह्या येळंचं काय?" पुढं पुढं मी तुमची वाट बघून मगच कुदळ हातात घ्यायचो.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं, आणि ते मिटलं नाही. मी एकदा चिडून म्हणालो, "मावशी, तुमच्या नामदेवनं परवाच खच्ची करायला गोऱ्हा बडवून घेतला. दगडावर ठेवून, शुद्धीत असताना. ते चालतं? मी गुंगी देऊन करतो ते पाप?"

"बैल नांगराला लागतो."

"बैलाला विचारून बडवता काय?"

"न्हाई इचारत. म्हनून तर पोळ्याला त्याच्या पाया पडतो. पुरनपोळी चारतो. चुकलं-माकलं म्हनतो." मग माझ्याकडं बघून तुम्ही म्हणालात, "तुमी मांजरीच्या पाया पडता काय?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. चरवी उचलून चालू लागलात. मी ते बोलणं घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "खरंच, तुम्ही काय उत्तर दिलंत?" मी म्हणालो, त्याला उत्तर काय द्यायचं. पण त्यानंतर टेबलावर जनावर बांधताना दर वेळी ते वाक्य माझ्या कानात यायचं, आणि मला तुमचा फार राग यायचा.

मग तुमची काळी आजारी पडली. काळी म्हणजे तुमच्या खळ्यावरची कुत्री, छातीवर पांढरा ठिपका असलेली. ती व्यायली की तुम्ही पिलं पाण्यात सोडली नाहीत. पाटीत घालून कामशेतच्या बाजारात न्यायचात आणि भातवाल्यांना, गाडीवानांना गळ घालून एकेक द्यायचात. त्या साली भाताची कापणी चालू असताना तिनं अन्न टाकलं. पाणी मात्र सारखं पीत होती. पोट फुगलं. तुम्ही देव्हाऱ्यातला अंगारा लावलात, कडुलिंबाचा पाला वाटून पाजलात. आणि मग भर बाजारात, माझ्या दारासमोर उभ्या राहून म्हणालात, "ह्यानंच घातलंय कायतरी तिला. भाकरीतनं घातलंय. माझी कुत्री टेबलावर न्ह्यायची हाय ह्याला."

ह्या वेळी सगळ्यांनीच तुमचं ऐकलं. टांगेवाले घोडी परत घेऊन गेले. एका बंगल्याचा नोकर आला आणि कुत्रं ऑपरेशनाआधीच सोडवून घेऊन गेला. दवाखान्यात मी आणि माझा कंपाउंडर दोघंच उरलो. मला संशय आला की तुम्हाला कुणीतरी पढवलंय, कुणाला तरी मला इथून उठवायचंय. मी कोण कोण असेल त्याची नावं कंपाउंडरपाशी मोठ्यानं घेत बसलो.

तिसऱ्या प्रहरी नामदेव आला. तो रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होता. अंगावर कामावरचाच खाकी सदरा. दाराबाहेरूनच म्हणाला, "डाक्तर, आयेला कुनी पढवल्यालं न्हाई. तिला रडू येतंय, म्हनून ती वरडती. तुमी येता का?"

मी आलो. तुम्ही खळ्याच्या तोंडाशी विळा घेऊन बसला होतात. काळी तुमच्या मागं भाताच्या पेंढ्यावर पडली होती. एवढ्या लांबूनही मला वास आला आणि काय झालंय ते कळलं.

"मावशी, हिच्या पिशवीत पू झालाय. पिशवी काढली तर वाचेल. नाही काढली तर चार दिवसांत जाईल."

"काडायचंच व्हतं तुमाला."

"हो. पण मी काही खायला घातलं नाही. हे आपोआप होतं. माजावर येऊन गेल्यावर होतं कुणा कुणाला."

नामदेव म्हणाला, "आये, न्हिऊ की. न्हाईतर मरंलच ती."

तेव्हा तुम्ही विळा खाली ठेवलात आणि जे बोललात ते नामदेवनंही तोवर पुरतं ऐकलेलं नव्हतं. प्लेगाच्या दिवसांत तुमच्या मालकाला ताप आला, काखेत गाठ आली. सरकारी माणसं आली. त्यातला एक डॉक्टर होता, चांगला होता, गोड बोलत होता. म्हणाला, बाई, घाबरू नका, बरा करून आणतो. गावाबाहेर तट्ट्याच्या झोपड्या बांधल्या होत्या, तिथं नेलं. तुम्ही कडेवर नामदेवला घेऊन कुंपणाशी बसलात. आत सोडलं नाही. नंतर एक जण आला आणि म्हणाला, आटपलं, जाळलं. घरातली अंथरुणं आणा, तीही जाळायची आहेत.

"मी इचारलं, मला दावा. तो म्हनला, आता काय दावायचं. म्या म्हनलं, राख दावा. ते बी न्हाई. लय वरसं मला वाटायचं, ह्येनला कुटंतरी दुसरीकडं न्हेलंय. जित्ते हायेत. येतील." तुम्ही पदरानं काळीचं तोंड पुसलंत. "दावलं आस्तं तर मी मानलं आस्तं. मेलं म्हनून मानलं आस्तं."

मी तिथं खाली मातीत बसलो. म्हणालो, "मावशी, मी दाखवतो. तुम्ही टेबलापाशी उभ्या राहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी जे करीन ते तुमच्या डोळ्यांदेखत."

"बायामानसाला उबं करनार तुमी तितं?"

"करीन."

तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत. त्या बघण्यात विश्वास नव्हता. हा मला भुलवतोय का, एवढंच तुम्ही शोधत होतात. शेवटी म्हणालात, "नामा, घोंगडी आन."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खिडकीतून नीट टेबलावर आलं तेव्हा आपण सुरू केलं. तुम्ही हात कार्बोलिकच्या पाण्यात धुतलेत, वासानं नाक मुरडलंत. मी तुमचा तळवा काळीच्या छातीवर ठेवला. "हा इथून उचलायचा नाही. छाती हलते की नाही ते मला सांगत राहायचं." कंपाउंडरनं टॉवेलची टोपी तिच्या नाकावर धरली. तिनं पाय झाडले, मग सैल पडली. मी पोटावरचे केस भादरले, आयोडीन लावलं आणि सुरी घेतली. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. तुम्ही नुसत्या म्हणत होतात, "हलती... हलती... हलती."

पिशवी बाहेर घेतली तेव्हा ती पिकल्या पडवळासारखी फुगलेली होती, दोन्ही बाजूंना. जरा धक्का लागला असता तर आतच फुटली असती. मी दोऱ्यानं मूळ बांधत होतो आणि तुमचा आवाज थांबला.

"हलंना."

मी वर बघितलं. जीभ निळी पडली होती. टोपी काढून फेकली, डोकं टेबलाखाली लोंबतं केलं, जीभ ओढली, बरगड्या दाबल्या, सोडल्या, दाबल्या. तुमचा हात माझ्या हाताखाली होता. मी तो काढायला सांगितलं नाही, तुम्ही काढला नाहीत. "मारलीत," तुम्ही म्हणालात. ओरडून नाही, अगदी हळू, जसं काही तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं. मी दाबतच राहिलो. मला तेव्हा काळी दिसत नव्हती. कुसगाव दिसत होतं, बाजार दिसत होता, बंद झालेला दवाखाना दिसत होता, आणि कुंपणाशी बसलेल्या तुम्ही.

"हलली," तुम्ही म्हणालात. मला अजून काहीच कळलेलं नव्हतं. तुमच्या तळव्याला आधी कळलं.

मी टाके घातले. मग थाळीतलं तुमच्यासमोर धरलं. "हे होतं आत."

तुम्ही वाकून बघितलंत. वास घेतलात. एकदा थाळीकडं, एकदा माझ्याकडं. आणि मावशी, त्या वेळी मला वाटलं की आता तुम्ही काहीतरी चांगलं बोलणार.

"हे तुमी आदीच आनून ठिवलं नव्हतं कशावरनं?"

"अहो, तुमचा हात तिच्या छातीवर होता!"

"हात व्हता. डोळं मधीच मिटलं व्हतं माझं."

कंपाउंडर हसत हसत बाहेर पळाला. मी पण हसलो. घाम पुसता पुसता भिंतीला टेकून हसत राहिलो. तुम्ही काळीच्या कानामागं खाजवत होतात आणि तुमचे डोळे वाहत होते.

काळी जगली. टाके सुकेपर्यंत तुम्ही माझ्या ओसरीवरच मुक्काम ठोकलात, तिला भाताची पेज भरवलीत, आणि मी पट्टी बदलायला आलो की दर वेळी बाटलीचं बूच काढून वास घेतलात. आभार मानले नाहीत. दुधात पाणी पूर्वीएवढंच होतं.

पण एक गोष्ट झाली, आणि ती कशी झाली हे मला नीट सांगता येत नाही. मावळातली माणसं जनावरं घेऊन यायला लागली. पवनेकडची, आंबीकडची. दाराशी येऊन विचारायची, "ठकूमावशी हाय का आत? हाय? मंग आनतो." त्यांना माझी खात्री नव्हती. त्यांना ठाऊक होतं की तुम्ही कुणाला सोडायच्या नाहीत. तुम्ही दूध घालून झालं की येऊन टेबलापाशी उभ्या राहायचात, हात धुवून, पदर खोचून. बाहेर जाऊन सांगायचात, "काडली. दोन दोरे घातले. आता झोपलीया." तुमच्या संशयावर माझा दवाखाना चालला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आला नसतात.

लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून लोक पळून इकडं आले तेव्हा बंगले भरले, आणि त्यांच्याबरोबर कुत्री-मांजरंही आली. औषधं मिळेनात. त्याच काळात एका पेन्शनीतल्या फौजदारांचा पिवळा बोका माझ्या टेबलावर गेला. साधं काम होतं, बोका खच्ची करायचा. क्लोरोफॉर्म दिला, त्यानं दोन श्वास घेतले आणि तिसरा घेतलाच नाही. काळीला केलं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. फौजदार काठी घेऊनच आत आले.

तुम्ही जागेवरून हलला नाहीत. "मी हितंच व्हते," तुम्ही म्हणालात. "ह्येनं दवा ज्यादा घातली न्हाई. टोपी लय येळ धरली न्हाई. श्वास गेला तो आला न्हाई. माझ्या कुत्रीचा आल्ता. ह्याचा न्हाई आला."

फौजदारांनी काठी खाली केली. बोका शालीत गुंडाळून नेला. ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडं वळलात. "तुमी मारला न्हाई. पन तुमच्या हाताखाली मेला. ते बी इसरू नका."

मी विसरलो नाही. त्या आठवड्यात मी दुसरं जनावर टेबलावर घेऊ शकलो नाही. तुम्ही रोज येऊन उभ्या राहायचात आणि विचारायचात, "आज काय न्हाई?" मी म्हणायचो, नाही. एका सकाळी तुम्ही स्वतःच गल्लीतली एक भटकी मांजर काखेत धरून आणलीत. तिनं तुमचा हात ओरबाडून रक्तबंबाळ केला होता. "दर तीन म्हयन्याला विती ही. बगा काय ते." मी उठलो. हात धुतले.

काळीचं एक राहिलं. पिशवी काढल्यावर महिन्या-दीड महिन्यानं तिनं तुमची जुनी वहाण तोंडात धरून पेंढ्यात नेली आणि तिच्याभोवती अंगाचं वेटोळं करून बसली. कुणाला जवळ येऊ देईना. आचळांना दूध सुटलं होतं. तुम्ही मला मुद्दाम बोलावून घेतलंत. वहाणेकडं बोट केलंत. मग म्हणालात, "आता सांगा. तिला इचारलं व्हतं का तुमी?"

मी म्हणालो, "नसती काढली तर मेली असती मावशी."

"ते म्हाईत हाय मला. मी ते इचारलं न्हाई."

थोड्या दिवसांनी तिनं वहाण सोडली, दूध आटलं, ती पुन्हा खळ्यावर भुंकायला लागली. मी म्हणालो, बघा, गेलं. शरीराचा खेळ असतो. तुम्ही म्हणालात, "गेलं, का तिनं दडवलं?" मी आजपर्यंत कितीतरी पिशव्या काढल्या. त्यातल्या बऱ्याच जनावरांचे प्राण त्यानं वाचले, आणि कितीतरी पोती रिकामी राहिली. मला ते काम बरोबरच वाटतं. पण तुमचा तो प्रश्न आता विचारणारं कुणी नाही.

यंदाच्या श्रावणात नामदेव आला. ह्या वेळी दाराबाहेर थांबला नाही, आत येऊन बसला. तुमच्या पोटात गाठ होती. तुम्ही ती कधीपासून लपवली होतीत कोण जाणे. मी कुसगावला येऊन हात लावून बघितलं आणि पुण्याच्या इस्पितळात चला म्हणालो. तुम्ही तोंड फिरवलंत.

"तितं मला उबं राहून बगू देतील का?"

"तुम्ही झोपलेल्या असाल मावशी."

"मंग तुमी बगा. तुमी उबं ऱ्हानार आसाल तर येते. न्हाईतर हितंच बरी."

तिथल्या सर्जनना मी हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, "तुम्ही गुरांचे डॉक्टर. इथं काय करणार?" मी म्हणालो, "काही नाही. बघणार." माणूस भला होता. त्यानं मला तोंडाला फडकं बांधून भिंतीशी उभं राहू दिलं. तुमची छाती हलत होती, ती मी बघत राहिलो. त्यांनी पोट उघडलं, आत हात घातला, आणि मला जवळ यायची खूण केली. मी बघितलं. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते सगळीकडं होतं. त्यांनी तसंच पुन्हा शिवलं.

हात धुताना ते मला म्हणाले, "म्हातारीला सांगा, गाठ काढली. राहिलेले दिवस सुखात जातील." बाहेर नामदेवनं माझे पाय धरले. "काडली म्हना डाक्तर. तिला तेवढंच बरं वाटंल."

तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा मी खाटेशेजारी बसलो होतो. ओठ कोरडे पडले होते. मी कापूस ओला करून लावला. तुम्ही नामदेवकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलंत, नेहमीच्या त्याच तपासणाऱ्या नजरेनं.

"काडली?"

नामदेवनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताचं वजन कळत होतं.

"नाही मावशी."

"का?"

"काढता येण्यासारखी नव्हती. पसरली होती. मी जवळ जाऊन बघितलं. तसंच शिवलंय."

आणि मी वाट बघत बसलो. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल की हा खोटं बोलतोय. त्या डॉक्टरला सामील झालाय. म्हणाल, तुमी डोळं मिटलं आसतील. मला तेच हवं होतं, मावशी. त्या एका वेळी तरी तुम्ही माझ्यावर संशय घ्यावा म्हणून मी देवाला हात जोडले असते.

तुम्ही छताकडं बघत पडून राहिलात. मग म्हणालात, "बरं. घरी कवा न्हेनार?"

मला राहवेना. मी म्हणालो, "मुंबईला दुसरे मोठे डॉक्टर आहेत. त्यांना दाखवू या का? एकदा विचारू या?"

"कशाला?" तुम्ही म्हणालात. "तुमी व्हता की तितं."